देवळे, देवालये, चहा

१. रिक्षावाल्याला ‘ओहेल डेव्हिड सिनेगॉग’ सांगितले तर तो मान वळवून आपल्याकडे नीट बघतो. ‘लाल देऊळ’ म्हटले की, “बसा.” प्रार्थनास्थळ ज्यूंचे, मनोरा चर्चसारखा, नाव देऊळ. पुण्यात हे १८६७ पासून खपून गेले आहे. बांधवणारे डेव्हिड ससून १८६४ मध्येच गेले. आवारातच कबर आहे.

२. एका चर्चच्या दारात सवयीने चपला काढू लागलो. रखवालदार म्हणाला, “राहू द्या साहेब, इथं चालतं.” आत गेलो. मागच्या बाकाखाली दोन जोड नीट काढून ठेवलेले.

३. गुरुवार पेठेचे जुने नाव वेताळ पेठ. तिथे १८८५ मध्ये मिशनऱ्यांनी चर्च उभारले. त्याचे मराठी नाव ‘पवित्र नाम देवालय’. लोक दोन्ही नावे टाळून ‘पंचहौद’ म्हणतात.

४. याच पंचहौद मिशनमध्ये १८९० साली सभेनंतर चहा-बिस्किटे पुढे आली. कोणी घेतली, कोणी नुसता कप हातात धरला. गोपाळराव जोशींनी हजर असलेल्यांची नावे छापून आणली. यादीत रानडे, टिळक दोघेही. एरवी ज्यांचे फारसे पटत नसे, त्यांना एका कपाने एका ओळीत बसवले. मग ख्रिस्त्यांकडचा चहा म्हणून ग्रामण्य, शंकराचार्यांपर्यंत तक्रार, प्रायश्चित्त. बिस्किटांचे काय झाले, याबद्दल फारसे कोणी भांडलेले दिसत नाही.

५. पंचहौदाजवळ एक कटिंग घेतला. नाव कोणी विचारले नाही.

६. १७३९. चिमाजी अप्पांनी वसई घेतली. तिथल्या चर्चच्या घंटा देशावर आल्या आणि देवळांत टांगल्या गेल्या. भीमाशंकरला एक आहे. वाईजवळ मेणवलीला आहे तिच्यावर १७०७ साल आणि बाळ येशूला घेतलेली मेरी. लोक तिथे येतात, ‘स्वदेस’मधल्या घाटाचा फोटो काढतात, जाता जाता घंटा बडवतात.

७. १७९२. सवाई माधवराव पेशव्यांनी फौजेतल्या ख्रिस्ती सैनिकांना चर्चसाठी जागा दिली. नाना पेठेतले सिटी चर्च ते हेच. घंटा आणल्या त्याला तेव्हा त्रेपन्न वर्षे झाली होती.

८. कॅम्पातले सेंट मेरीज. १८२५ मध्ये बिशप हेबर यांच्या हस्ते पवित्र झाले. पेशवाई जाऊन सात वर्षे. पुढच्याच वर्षी हेबर त्रिचनापल्लीला स्नानाच्या हौदात गेले. वय अवघे बेचाळीस.

९. शेजाऱ्यांनी विचारले, “हल्ली रविवारी सकाळी कुठं जाता?”

“चर्चं बघतोय.”

“अस्सं.”

संध्याकाळी त्यांच्या सौ. विरजण मागायला आल्या आणि आमच्या हिला हळूच विचारून गेल्या, “घरी सगळं ठीक आहे ना?”