‘आन’ : एका क्रियापदाचा जमाखर्च

व्हिएतनामी भाषेत ‘आन’ म्हणजे खाणे. एवढा अर्थ नवशिक्याला पहिल्याच दिवशी कळतो. परंतु केवळ त्याच्या बळावर बाजारात उतरणारा दुसऱ्याच दिवशी गोंधळतो.

भेटताच ‘जेवलात का?’ असे तेथेही विचारतात, त्यात ‘आन’ असतो. लग्नाला जाणे म्हणजे ‘लग्न खाणे’ आणि चांद्र नववर्षाचा ‘तेत’ हा सणही ‘खाल्ला’च जातो. छायाचित्रात जो शोभून दिसतो, तो ‘छायाचित्र खातो’. ‘लाम’ म्हणजे करणे. ‘लाम आन’, करणे आणि खाणे, हा तर व्यापार-उदीमासाठी रुळलेला शब्द. दलाली घेण्याला ‘गुलाब खाणे’ म्हणतात, कारण गुलाब आणि दलाली या दोहोंसाठी तेथे एकच शब्द आहे.

हेच क्रियापद चोरी, लाचखोरी, लबाडी आणि मालात काटछाट करून नफा मारणे यांच्याही जोडीला बसते. मराठीतही पैसे खातात, लाच खातात, मार आणि शिव्याही खातात. भाव खाणाराही थट्टेचाच विषय होतो. मराठीतील लाक्षणिक ‘खाणे’ बहुधा दोषाकडे किंवा दुःखाकडे झुकते. ‘आन’ मात्र स्वतः कोणताही निवाडा देत नाही. तो सोबतच्या शब्दावर सोपवतो. म्हणून ‘मी यात दलाली खातो’ असे एखादा व्हिएतनामी व्यापारी सरळ सांगतो, तेव्हा ती अपराधाची कबुली नसते. तो केवळ आपला व्यवहार सांगत असतो. मराठी कानाने ते ऐकून शंका घेणारा चांगला संबंध गमावू शकतो.

शाकाहारी पाहुण्याने तर दोन शब्द पक्के ध्यानात ठेवावेत. ‘आन चाय’ म्हणजे शाकाहार घेणे. त्याचा चहाशी काही संबंध नाही. अनेक बौद्ध घरांत चांद्र महिन्याच्या पहिल्या व पंधराव्या तिथीस तो पाळला जातो आणि परंपरेने त्यात कांदा-लसूणही वर्ज्य असतो. अळिंबी आणि कंद मात्र चालतात. ते ज्याला वर्ज्य, त्याने तसे वेगळे सांगितलेच पाहिजे. ‘मान’ म्हणजे खारट. पण आपल्याला खारट आवडते या भावनेने ‘आन मान’ म्हणणारा आपण मांसाहारी असल्याचेही सांगून बसू शकतो, कारण त्या जोडशब्दाचा तोही एक रूढ अर्थ आहे.

खाणे आणि राहणे ही दोन क्रियापदे एकत्र आली की अर्थ होतो माणसाचे वागणे, इतरांशी असलेले त्याचे वर्तन. ज्या भाषेत व्यापार, चोरी आणि सदाचार एकाच धातूतून बोलले जातात, तेथे कोण काय खातो यापेक्षा कशाच्या जोडीने खातो, हेच ऐकावे लागते.