दिल्लीहून मसुरीला जाताना : दानतीर्थ हस्तिनापूर

उन्हाळ्याची सुटी लागली की आपल्या समाजातील अनेक कुटुंबे दिल्लीमार्गे हिमालयाकडे निघतात. हरिद्वार, ऋषिकेश, मसुरी हा क्रम बहुधा ठरलेलाच असतो. त्यात हस्तिनापूर असले तर 'जाता जाता दर्शन' एवढ्यापुरतेच. वस्तुतः या संपूर्ण प्रवासात एक रात्र राखून ठेवावी, ती याच तीर्थासाठी.

दिल्लीत चांदणी चौकातील श्री दिगंबर जैन लाल मंदिराचे दर्शन घ्यावे आणि मंदिराच्या आवारातील पक्ष्यांचे रुग्णालय मुलांना अवश्य दाखवावे. तेथून मेरठमार्गे हस्तिनापूर सुमारे 110 किलोमीटर. मेरठ मागे पडले की दुतर्फा उसाची शेते सुरू होतात, आणि या भूमीची कथाही उसाच्या रसाचीच आहे.

दीक्षेनंतर भगवान ऋषभदेव वर्षाहून अधिक काळ निराहार राहिले. लोकांची भक्ती उणी नव्हती. परंतु मुनींना आहार कसा द्यावा, हेच कोणास ठाऊक नव्हते. कोणी रत्ने पुढे केली, कोणी हत्ती-घोडे. अखेर हस्तिनापुरात श्रेयांसकुमारांना पूर्वजन्माचे स्मरण झाले आणि त्यांनी प्रभूंना इक्षुरस दिला. तो दिवस अक्षय्य तृतीयेचा. आजही त्या दिवशी वर्षीतपाचे तपस्वी सहकुटुंब येथे येऊन उसाच्या रसाने पारणे करतात.

व्यापारी घराण्यांनी या कथेवर थोडे थांबून विचार करावा. देणाऱ्यांची संपत्ती मोठी होती, भावनाही शुद्ध होती. तरी दान घडले नाही, कारण घेणाऱ्याची गरज कोणी ओळखली नाही. आपल्या दानाच्या पावत्यांची रक्कम वाढत असताना हा प्रश्न स्वतःला विचारण्यासारखा आहे.

शांतिनाथ, कुंथुनाथ आणि अरनाथ या तिन्ही तीर्थंकरांची हीच जन्मभूमी. तिघेही चक्रवर्ती होते आणि तिघांनीही ते वैभव सोडून दीक्षा घेतली. येथील प्राचीन बडा मंदिर 1801 सालचे आहे. गणिनी ज्ञानमती माताजींच्या प्रेरणेने उभी राहिलेली जंबूद्वीप रचना आणि तिच्या मध्यभागी असलेला 101 फूट उंच सुमेरू पर्वत यांमुळे शास्त्रातील भूगोल मुलांना डोळ्यांनी पाहता येतो. धर्मशाळा व भोजनशाळा असल्याने ज्येष्ठांची गैरसोय होत नाही. मात्र अक्षय्य तृतीयेच्या सुमारास गर्दी आणि ऊन दोन्ही तीव्र असतात. खोली आधीच राखून ठेवावी.

पुढे हरिद्वारला गंगा पर्वत सोडून मैदानात उतरते. ऋषिकेशला तिचे पात्र डोंगरांच्या कुशीत दिसते. डेहराडूनपासून साधारण 35 किलोमीटरचा वळणांचा घाट चढला की सुमारे 2,000 मीटर उंचीवरील मसुरी लागते. निरभ्र सकाळी लंढौरच्या बाजूने हिमशिखरांची रांग दिसते; खाली दून खोरे पसरलेले असते.

चौविहार पाळणाऱ्यांनी एक ध्यानी ठेवावे : डिसेंबरात तेथे साडेपाचपूर्वीच सूर्यास्त होतो. म्हणून भोजनाची वेळ आणि कंदमूळरहित स्वयंपाकाची सूचना सकाळीच द्यावी.

हिमशिखरे पाहून मन प्रसन्न होतेच. परंतु त्याआधी हस्तिनापुरात एक रात्र राहून तो इक्षुरसाचा प्रसंग मुलांना तेथेच बसून सांगावा. पर्वताचे छायाचित्र घरी येते. ही कथा मात्र त्यांच्या व्यवहारात उतरावी.