खेळपट्टी, पीस आणि राज्यपाल

मराठी घेऊन बीए झालेल्या आणि जन्मभर शाळेत मराठी-इतिहास शिकवलेल्या बाईने विमानाच्या पंख्यावर लिहावं, याचं आमच्या नातेवाइकांना हसू येईल. येऊ दे. गेले तीन महिने मी दुसरं काही धड वाचलेलंच नाही, तर लिहिणार तरी कशावर?

झालं असं, की माझा नातू विमानदुरुस्तीचं शिक्षण घेतोय. दहावीपर्यंत मराठी माध्यम. हात चांगला आहे; मिक्सर, सायकल, पाण्याची मोटर सगळं तोच उघडतो आणि मुख्य म्हणजे परत जोडतो. पण पुस्तकं सगळी इंग्रजी. परवान्याच्या परीक्षेत एक अख्खा पेपर प्रोपेलरचा असतो आणि पास व्हायला 75 टक्के लागतात. पहिल्या खेपेला तो तिथे अडकला. दिवाळीत घरी आला तो म्हणाला, "आजी, मला नाही जमत. सोडून देतो." फीसाठी कर्ज काढलेलं आहे, तेव्हा घरात पुढे काय झालं असेल ते सांगायला नकोच. मी एवढंच म्हटलं, "सोड हवं तर. पण आधी काय जमत नाही ते मला मराठीत सांग."

त्याने वही पुढे केली. इंग्रजी शब्दांसमोर कोशातले अर्थ लिहिले होते. पिच म्हणजे खेळपट्टी. फेदर म्हणजे पीस. गव्हर्नर म्हणजे राज्यपाल! हसावं की रडावं कळेना. मुलाने पाठांतर भरपूर केलं होतं हो, पण ज्याचं पाठांतर करायचं ती वस्तूच डोळ्यांपुढे नव्हती.

मग आम्ही दोघं मुळापासून बसलो.

पहिला धडा मलाच नवा होता. मी समजत होते की हा पंखा आपल्या टेबलफॅनसारखा वारा ढकलतो आणि विमान पुढे जातं. ते खोटं नाही, पण पातं आडवं कापून पाहिलं तर ते विमानाच्या पंखासारखंच दिसतं, एक बाजू फुगीर, दुसरी सपाटशी. म्हणजे हा फिरणारा पंखच आहे. पंख विमानाला वर उचलतो, हा पुढे ओढतो. ही गोष्ट राइट बंधूंना आधी नीट उमगली. त्यांना वाटलं होतं, जहाजांच्या पंख्यांचं शास्त्र तयारच असेल, तेच वापरू. पाहतात तर उपयोगी पडेल असं काहीच नाही! मग दोघं भाऊ तासन्‌तास वाद घालत बसायचे. वादाच्या शेवटी दोघांनीही आपापली बाजू बदललेली असायची, असं ऑर्व्हिलने पुढे सांगितलं आहे. स्प्रूस लाकडाच्या फळ्या एकावर एक चिकटवून, हाताने तासून त्यांनी साडेआठ फुटी पंखे केले आणि 17 डिसेंबर 1903 ला पहिलं उड्डाण झालं, 12 सेकंदांचं. सायकलच्या दुकानात घडलेले ते पंखे इंजिनाच्या शक्तीपैकी सुमारे पाऊण हिस्सा कामी लावत होते, असं अलीकडच्या चाचण्यांत दिसलं. नातवाला म्हटलं, बघ, त्यांच्याकडे तर पुस्तकच नव्हतं.

दुसरा प्रश्न, पात्याला पीळ का? दोन मीटर व्यासाचा पंखा मिनिटाला 2400 फेरे घेत असेल, तर त्याचं टोक सेकंदाला सुमारे 250 मीटर धावतं. मधला भाग त्याच्या निम्म्याने. मुळाजवळचा तर रमतगमत. सगळीकडे कोन सारखाच ठेवला तर प्रत्येक ठिकाणी हवा वेगळीच भिडेल. म्हणून मुळाशी कोन मोठा, टोकाकडे लहान लहान होत जातो. आणि टोकाचा वेग आवाजाच्या वेगाजवळ, म्हणजे सेकंदाला 340 मीटरच्या आसपास गेला, की गोंगाट वाढतो आणि काम कमी होतं. (हे वाक्य शाळेतल्या काही वर्गांनाही लागू पडतं.) म्हणून इंजिन कितीही जोरात फिरो, मोठ्या विमानात मध्ये दात्यांची पेटी घालून पंखा हळू फिरवतात. आपल्याकडे छोट्या शहरांना जाणारी एटीआर विमानं आहेत ना, त्यांच्या सहा पात्यांच्या मागे हीच पेटी असते.

आता खेळपट्टी. स्क्रू एका फेऱ्यात लाकडात जेवढा आत जातो, ते त्याचं पिच. पंखाही हवेत तसाच शिरतो, फक्त हवा लाकडाइतकी घट्ट नाही, म्हणून थोडा घसरतो. पात्याचा कोन लहान तर पिच कमी. असा पंखा उड्डाणाला चांगला, जसा सायकलला चढावर हलका गिअर. कोन मोठा तर पिच जास्त, सपाटीवरच्या जड गिअरसारखा. जुन्या आणि लहान विमानांत पंखा एकाच कोनाचा असतो, म्हणजे एकाच गिअरवर घाटही चढायचा आणि पळायचंही. सुरुवातीच्या स्पिटफायर विमानांना तसा दोन पात्यांचा लाकडी पंखा होता. 1940 च्या उन्हाळ्यात, ऐन लढाईच्या तोंडावर, कोन आपोआप बदलणारे पंखे घाईघाईने बसवले, तेव्हा ती झपाट्याने वर चढू लागली.

हा कोन बदलतो तो आपला राज्यपाल! जत्रेतला चक्री पाळणा जोरात फिरला की त्याच्या खुर्च्या बाहेर झेपावतात, तशी याच्या पोटात छोटी वजनं असतात. फेरे वाढले की वजनं बाहेर फाकतात, तेलाची वाट उघडते, पात्याचा कोन वाढतो, पंख्याला हवा जड लागते आणि फेरे पूर्ववत होतात. कमी झाले की उलट. मी म्हटलं, राज्यपाल कसला, हा तर वर्गाचा मॉनिटर! नातू त्या दिवशी बऱ्याच दिवसांनी मोकळा हसला.

आणि पीस? वल्हं मारणारे शर्यतीत वल्हं मागे नेताना पाण्याबाहेर आडवं करतात, वाऱ्याला अडू नये म्हणून. त्याला फेदर करणं म्हणतात. दोन इंजिनांच्या विमानात एक बंद पडलं, की त्याचा पंखा वाऱ्याने नुसताच गरगरत राहतो आणि विमानाला मागे खेचतो. अशा वेळी पात्यांची धार वाऱ्याकडे करतात. पंखा थांबतो. तो मदत करत नाही, पण आडवाही येत नाही. अशा बहुतेक लहान विमानांत पंख्याच्या तेलाचा दाब गेला, तर स्प्रिंग आणि वजनं मिळून पाती आपणहून तशी वळवतात. सत्तरी ओलांडलेल्या आम्हा मंडळींनी हे मनाशी जपून ठेवण्यासारखं आहे. संसारातली दुसरी इंजिनं चालू असताना आपण उगीच गरगरत राहू नये.

मला सर्वांत आवडलं ते मात्र देखभालीचं प्रकरण. खड्यांनी धातूच्या पात्याला बारीक टवका उडतो. नखाएवढा. पण पात्याच्या मुळाशी फिरताना काही टनांची ओढ असते, आणि सगळा ताण त्या टवक्याभोवती गोळा होतो. तिथून चीर पडून तुकडा उडू शकतो. म्हणून ठरलेल्या मर्यादेतला टवका घासून उतरता, गुळगुळीत करतात. लाकडी पात्यांच्या टोकाला तर बारीक भोकं ठेवतात, आत मुरलेलं पाणी निघून जावं म्हणून. एवढ्या मोठ्या यंत्राची भिस्त शेवटी कुणाच्या तरी बोटांवर असते.

ही बोटं आमच्या मुलाकडे आहेत, हे त्याचं त्यालाच ठाऊक नव्हतं. इंग्रजी शब्द त्याला शिकावेच लागणार, परीक्षा त्याच भाषेत आहे. पण वस्तू आधी आपल्या भाषेत समजली, की शब्द मागून मुकाट्याने येतात. चाळीस मुलांच्या वर्गात मी हे वर्षानुवर्षं पाहिलं आहे.

गेल्या आठवड्यात त्याने पुन्हा पेपर दिला. निकाल यायचाय. फोनवर निकालाविषयी तो काहीच बोलला नाही. म्हणाला, "आजी, आज पात्यावरून नख फिरवलं. एक टवका मला आधी सापडला, सरांना नंतर."

असो. काय होईल ते कळवीनच. पुढचा पेपर टर्बाइनचा आहे म्हणे. मी अजून कोशात पाहिलेलं नाही.