बेकायदा आणि अनैतिक

बाळकुमचे गावठाण आणि त्याच्या भोवती उभे राहिलेले मनोरे शेजारी शेजारी असले, तरी त्यांना एकाच मापाने मोजता येत नाही. गावठाणात मुलाचे लग्न ठरले की जुन्या घरावर एक खोली चढते. परवानगीचा कागद क्वचितच असतो. कायद्याच्या दृष्टीने ते बांधकाम अनधिकृतच; परंतु भिंत भक्कम असेल आणि कोणाची वाट अडत नसेल, तर त्या खोलीला अनैतिक म्हणायला माझी जीभ धजत नाही. मनोऱ्याचे सर्व दाखले चोख असतात. तिथला एखादा घरमालक मात्र येणाऱ्याचे आडनाव ऐकताच ‘घर कालच दिले हो’ असे हसून सांगतो. खरे कारण तो उच्चारत नाही, म्हणून कायद्याच्या हाती काही लागत नाही.

आमच्याच महापालिकेच्या हद्दीत, शीळफाट्याजवळ, ४ एप्रिल २०१३ रोजी ‘लकी कंपाउंड’मधील सात मजली इमारत कोसळली आणि ७४ माणसे मृत्युमुखी पडली. वनजमिनीवरील ती इमारत बेकायदा होती, हे त्या वेळी सर्वांनी सांगितले. ते खरेच आहे. पण माणसे परवानगीच्या अभावाने मेली नाहीत. निकृष्ट बांधकाम घाईघाईने चढवले गेले, वरचे काम चालू असतानाच खाली कुटुंबे राहू लागली, आणि ज्यांनी हे थांबवायचे त्यांनी डोळे मिटून घेतले. नकाशा मंजूर असता, तरी हे पाप तसूभरही कमी झाले नसते.

त्याच महिन्यात अनधिकृत इमारतींवरील कारवाईच्या विरोधात ‘ठाणे बंद’ झाला. त्यात राजकारण होतेच, तथापि बेघर होण्याचे भय खोटे नव्हते. पुढे २०१७ मध्ये नगररचना कायद्यात दुरुस्ती होऊन ३१ डिसेंबर २०१५ पूर्वीची काही अनधिकृत बांधकामे शुल्क भरून नियमित करण्याची सोय झाली. बेकायदा ठरलेली भिंत अशी एका तारखेने कायदेशीर होऊ शकते. तिच्यातले कमी पडलेले सिमेंट मात्र कोणत्याही दुरुस्तीने भरून निघत नाही.

लकी कंपाउंडच्या रहिवाशांपाशी मात्र माझा विचार अडतो. स्वस्त मिळाले म्हणून ते तिथे राहायला गेले. त्यांनी कागद मागायला हवे होते, असे म्हणणारे भेटतात. कागद मागणाऱ्याला तेवढ्या भाड्यात ठाण्यात दुसरे घर कोठे मिळाले असते, हे त्यांच्यापैकी कोणी सांगत नाही.