पाळण्याची दांडी आणि चार जबड्यांचा चक

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलोय. मधे उजव्या भुवईवर तीन टाके पडले होते, आणि ते कसे पडले हे घरात प्रत्येकाला वेगवेगळं सांगितलं होतं. आता खरं काय ते एकदाच लिहून टाकतो, म्हणजे फोनवर पुन्हा पुन्हा सांगायला नको.

सुरुवात झाली आक्काच्या फोनने. तिच्या नातीला मुलगी झाली. बारसं सोलापुरातच करायचं ठरलं आणि आक्काने माळ्यावरून पाळणा खाली काढला. आमच्या अप्पांनी केलेला सागवानी पाळणा. आक्का त्यात झोपली, मी झोपलो, आमची मुलं झोपली. तर त्याची एक दांडी मोडलेली निघाली. "तू एवढी वर्षं लेथवर काढलीस, एक दांडी नाही का होणार तुझ्याच्यानं?" असं आक्का म्हणाली. आक्काला नाही म्हणायची पद्धत आमच्याकडे नाही.

मी टर्नर. चिंचोळी एमआयडीसीत सव्वीस वर्षं काढली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, सोलापूरहून पुण्याकडे निघालं की मोहोळच्या अलीकडे ही वसाहत लागते. कॅमशाफ्टपासून रसायनांपर्यंत सगळं तिथे होतं. मी लोखंडातला माणूस. शंभरातला एक मिलिमीटर म्हणजे एक 'सौ' आणि दोन सौ इकडेतिकडे झालं तर जॉब रिजेक्ट, हे माझं आयुष्य.

अप्पा मात्र लाकडातले. गिरणीत सुतार होते. सोलापुरात १८७७ साली पहिली कापड गिरणी सुरू झाली, तिला सगळे जुनी गिरणीच म्हणायचे. तेव्हापासून या गावात सूत कातणाऱ्यांबरोबर लाकूड कातणारेही आले, कारण गिरणीला धोटे लागायचे, कांड्या लागायच्या, रुळ लागायचे. आपल्या भाषेत सुतालाही 'कातणे' आणि लाकडालाही 'कातणे', हे मला फार उशिरा लक्षात आलं. खांब कातीव असतो आणि तो करणारा कातारी. पुढे कांड्या प्लॅस्टिकच्या आल्या, मग गिरण्याच बंद पडत गेल्या. अप्पांनी घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये छोटा लेथ टाकला आणि पोळपाटाचे पाय, लाटणी, भोवरे, खाटेचे पाय करत राहिले.

मी आयटीआयला गेलो तेव्हा त्यांनी एकदाच विचारलं होतं, "लाकूड शिकणार नाहीस का रे?" मी म्हणालो होतो, "लाकडात काय टॉलरन्स असतो अप्पा?" ते काहीच बोलले नाहीत. अठराव्या वर्षी माणूस असं बोलतो आणि साठाव्या वर्षी ते आठवतं.

असो. अप्पांचा लेथ त्यांच्यामागे भंगारात गेला, तोही मीच दिला. म्हणून चिंचोळीतल्या एका जुन्या सोबत्याच्या वर्कशॉपमध्ये गेलो. त्याच्याकडे एक जादाचा लोखंडी लेथ रिकामा पडून असतो. सागाचा तुकडा घेतला, रंध्याने साधारण गोल केला, थ्री जॉ चकमध्ये धरला, चावी मारून घट्ट आवळला, मागून टेल स्टॉकचं सेंटर लावलं. सव्वीस वर्षं हेच केलेलं. मशीन सुरू केलं.

दोन मिनिटं छान चाललं. मग टूल अडकलं आणि तुकडा उडाला. चष्मा होता म्हणून डोळा वाचला. चष्म्याच्या वरून भुवईवर बसला. सोबत्याने रुमाल बांधला आणि दवाखान्यात नेताना रस्ताभर एकच विचारत होता, "लोखंडाला कधी लागलं नाही, लाकडाला कसं लागलं?"

याच प्रश्नाचं उत्तर मी पुढचे पंधरा दिवस शोधत होतो.

उत्तर तसं साधं आहे. लोखंड दाबलं तर दबत नाही. तीन जॉ तीन ठिकाणी अरुंद पट्टीत धरतात आणि पोलाद ते सहन करतं. लाकडाचे तंतू त्या तीन जागी चेचले जातात. सुरुवातीला पकड घट्ट वाटते, पण चेचलेलं लाकूड आणखी दबत जातं आणि पकड आपोआप ढिली होते. मागचं सेंटरही हळूहळू आत शिरतं आणि तिकडूनही ढिलं पडतं. मी जितकं जास्त आवळलं तितकं जास्त चेचलं. म्हणजे चूक आवळण्यातच होती.

मग लाकडासाठीचे चक बघायला लागलो. नोव्हा न्यूझीलंडचा, विकमार्क ऑस्ट्रेलियाचा, वनवे कॅनडाचा, शिवाय स्वस्तातले भरपूर. सगळ्यांना चार जॉ, आणि चारही एकदम सरकतात. लोखंडाच्या फोर जॉमध्ये प्रत्येक जॉ वेगळा हलवून डायल लावत बसावं लागतं, तसं इथे नाही. आणि जॉ स्क्रूने बसवलेले असतात, म्हणजे काम बदललं की जॉ बदलायचे.

दुकानदार पहिला प्रश्न विचारतो, "किती इंची चक पाहिजे?" मला वाटतं पहिला प्रश्न तो नाहीच. आधी आपल्या स्पिंडलचा आटा बघायचा. कुणाचा एक इंची आठ आट्यांचा असतो, कुणाचा एम ३३ बाय ३.५. आटा जुळला नाही तर जगातला सगळ्यात चांगला चक पेपरवेट म्हणून वापरावा लागतो. काही चकमध्ये मधली बुशिंग बदलता येते, त्याला इन्सर्ट म्हणतात. उद्या लेथ बदलला तर फक्त इन्सर्ट बदलायचा. दुसरी गोष्ट वजन. शंभर मिलिमीटरचा चक साधारण दोन किलोचा भरतो. छोट्या लेथच्या बेअरिंगवर तो रोज लटकवणं बरं नव्हे.

जॉचं गणित मला सगळ्यात आवडलं. आईच्या हातातली जाड पाटली डोळ्यासमोर आणा आणि तिचे चार तुकडे करा. ते चार जॉ. आता हे तुकडे मनगटाला पूर्ण टेकतील असं मनगट एकाच मापाचं असणार. जाड मनगटाला तुकड्यांचे फक्त कोपरे टोचतात, बारीक मनगटाला फक्त मधला भाग लागतो. म्हणून ५० मिलिमीटरचे जॉ असतील तर लाकडाच्या बुडाशी जो गोल कुसू काढायचा, तो त्याच मापाच्या आसपास काढायचा. मग आठ इंची वाडगा असला तरी तेवढ्या कुसवावर तो उभा राहतो. जॉची आतली कड डोव्हटेलसारखी तिरपी असेल तर कुसूही तसाच तिरपा काढायचा. आणि कुसवाचं टोक चकच्या तळाला टेकता कामा नये. टेकायचा असतो लाकडाचा खांदा, जॉच्या तोंडावर. हे कळल्यावर मी डोक्याला हात लावला. पकड आवळण्यातून कमी आणि टेकण्यातून जास्त येते.

बाकीचे जॉ म्हणजे हौस. बारीक कामाला पिन जॉ, लांब कामाला खोल धरणारे लांब जॉ, आणि वाडग्याचं बूड साफ करायला रबरी बटणांचे मोठे कोल जॉ, तेही अगदी कमी वेगात. पहिल्या दिवशी हे काहीच लागत नाही. एक ५० चा सेट पुरतो. हे मी पैसे घालवून झाल्यावर सांगतोय :)

गंमत म्हणजे आपल्याकडच्या कारागिरांनी यातलं काहीच वापरलं नव्हतं. कर्नाटकातल्या चन्नपट्टणला लाखेची खेळणी करणारे लाकडाचा ठोकळा पोकळ चकमध्ये ठोकून बसवतात. जॉ नाहीत, चावी नाही, नुसतं घर्षण. आपल्या सावंतवाडीच्या चिताऱ्यांची लाखकामाची खेळणी लहानपणी प्रत्येकाने हातात धरलेली असतात. जॉचा सेट विकत घ्यायच्या आधी शेकडो वर्षं लाकूड फिरतच होतं.

चक आला. सोबत्याने त्याच्या पोराचा छोटा वूड लेथ माझ्यासाठी मोकळा करून दिला. मी कौतुकाने चक चढवला, दांडीचं लाकूड हातात घेतलं आणि थांबलो. दांडी जेमतेम इंचभर जाड आणि दीड फूट लांब. दोन्ही टोकांना आधार पाहिजे, आत काही कोरायचं नाही. मग चक कशाला?

अप्पांच्या लेथला चक नव्हताच हे तेव्हा आठवलं. एका बाजूला चार दातांचं सेंटर, ते लाकडाच्या टोकात हातोडीने ठोकून बसवायचे. दुसऱ्या बाजूला टोकदार सेंटर, त्याला थेंबभर तेल. मधूनमधून मागचं चाक पाव फेरा घट्ट करायचे. मला लहानपणी ती त्यांची सवय वाटायची. ती सवय नव्हती. लाकूड दबतं हे त्या माणसाला माहीत होतं. माझ्या भुवईवर जे तीन टाके पडले, ते त्यांच्या त्या पाव फेऱ्यात सांगितलेलं होतं.

चक उतरवला. दातांचं सेंटर लावलं, मागे फिरतं सेंटर. चेहऱ्यावर पूर्ण शिल्ड, हातमोजे नाहीत, बाह्या वर. वेग आधी कमी, लाकूड गोल झाल्यावर वाढवला. तीन दांड्या वाया गेल्या. चौथी जमली.

माप घ्यायला पाळण्याच्या बाकीच्या दांड्यांना व्हर्नियर लावलं तेव्हा हसूच आलं. अकरा दांड्या आणि अकरा मापं. एक २२.४, एक २३.६, कुणाचा मणी वर, कुणाचा जरा खाली. आमच्या कंपनीत ही लॉटच्या लॉट परत आली असती. पण पाळणा चार पावलं मागे जाऊन बघितला तर एकही दांडी वेगळी दिसत नव्हती.

शेवटचा प्रश्न बसवायचा होता. पाळणा न खोलता दांडी आत घालणार कशी? वरची पट्टी खिळ्यांनी आणि सरसाने पक्की. खोलायला गेलो असतो तर चिरली असती. मी वरच्या भोकात काडी घालून खोली मोजली आणि काडी आतच जात राहिली. वरचं भोक खालच्याच्या दुपटीहून खोल होतं. म्हणजे दांडी आधी वर ढकलायची, मग खाली सोडायची, की खालच्या भोकात बसते आणि वरही अडकून राहते. बाकीची भोकं बघायला एकेक दांडी वर उचलून पाहिली. सगळी तशीच.

नवा पाळणा करतानाच अप्पांनी धरलं होतं की यातली एखादी दांडी कधीतरी मोडेल आणि कुणीतरी बदलायला येईल. मी टॉलरन्सबद्दल विचारलं होतं. तो माणूस कुठला टॉलरन्स ठेवत होता हे मला त्या माडीवर, हातात काडी धरून, कळलं. थोडा वेळ खाली बसून राहिलो.

चक मात्र फुकट गेला नाही. पोकळ वस्तूला एक टोक मोकळं ठेवून आतून कोरायचं असतं, तिथे चक लागतोच. उरलेल्या सागातून आक्कासाठी कुंकवाचा करंडा करतोय. झाकण अजून ढिलं बसतंय. त्याबद्दल पुन्हा कधीतरी.

बारसं नीट पार पडलं. आदल्या दिवशी आक्काने पाळण्यावरून ओला कपडा फिरवला, मग नुसता हात. एकेका दांडीवरून बोटं फिरवत आली आणि सातवीवर थांबली.

"ही तुझी ना?"

"कशी ओळखलीस? रंग तर जुळवलाय."

"दोन्ही मणी अगदी एकसारखे आहेत," ती म्हणाली, आणि पुढच्या दांडीकडे गेली.