एक म्हणायच्या आत

बंड्याचा वरचा ओठ हलकेच उचलायचा, हिरडीवर अंगठा दाबायचा आणि सोडायचा. दाबलेली जागा पांढरी पडते, मग तिथे गुलाबी रंग परततो. तब्येत ठीक असेल तर दोन सेकंदांच्या आत. बंड्याची हिरडी बरीचशी काळी, त्यामुळे रंग दिसावा अशी जागा जेमतेम रुपयाएवढी. गेले सात आठवडे रोज सकाळी, चहाचं आधण ठेवण्याआधी, मी ती जागा बघते.

बंड्या तेरा वर्षांचा. वाईच्या मंडईतून बाबांच्या पिशवीमागे चालत आलेलं गावठी पिल्लू. पुढे बाबांना विसरण्याचा आजार जडला. शाळेतून निवृत्त होऊन वीस वर्षं झाली, तरी पहाटे कडी काढून ‘शाळेची वेळ झाली’ म्हणत निघायचे. बंड्या त्यांना अडवत नसे, नुसता सोबत जाई. मेणवलीच्या रस्त्यावर कुठेतरी बाबा गोंधळून उभे राहिले की तो घराच्या दिशेने चार पावलं टाकायचा, थांबायचा, वळून बघायचा. बाबांना रस्ता आठवत नसे, पण कुत्रा आपला आहे एवढं आठवत असे. ते त्याच्यामागे यायचे.

एका श्रावणात कृष्णेचं पाणी घाटाच्या पायऱ्या चढलं होतं. बाबा घरात नाहीत हे आम्हाला उजाडल्यावर कळलं. धावत घाटावर गेले, तर बाबा वरच्या पायरीवर बसलेले आणि बंड्या त्यांच्या दोन्ही पावलांवर आडवा पडलेला. दोघंही चिंब. मी बाबांना उठवलं तेव्हाच तो उठला. त्या सकाळचं देणं माझ्याकडून कधी फिटायचं नाही.

यंदा मार्चमध्ये तो अंगणात चालता चालता कोसळला. हिरड्या कागदासारख्या पांढऱ्या. दुसऱ्या दिवशी मात्र उठून भाकरी खाल्ली. खंबाटकीचा बोगदा ओलांडून त्याला शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात नेलं. सोनोग्राफीत पाणथरीवर मोठी गाठ दिसली. ती मधूनच पोटात रक्त सोडते, रक्त शरीरात जिरलं की कुत्रा पुन्हा उभा राहतो. पुढच्या वेळी उभा राहीलच असं नाही.

डॉक्टर मॅडमनी काही झाकून ठेवलं नाही. अशा तीन गाठींतल्या साधारण दोन कर्करोगाच्या निघतात. सोनोग्राफीवरून कोणती ते कळत नाही, सुई घालून बघावं तर रक्तस्राव व्हायची भीती. पाणथरी काढून तपासायला पाठवली तरच कळतं. कर्करोग असला तर ऑपरेशननंतर बहुधा एक ते तीन महिने, केमोथेरपी दिली तर आणखी थोडे. साधी गाठ निघाली तर तो बरा होईल. छातीच्या एक्सरेत डाग नव्हते, पण मूत्रपिंडं थकली होती, त्यामुळे भूल जोखमीची होती.

तीनातली ती एक गाठ मला रात्र रात्र झोपू देईना. नाही म्हणावं, तर बरा होऊ शकणाऱ्या जिवाला आपणच सोडून देतोय का? हो म्हणावं, तर उरलेल्या दिवसांतले किती दिवस टाक्यांत आणि पिंजऱ्यात जातील?

घरी आल्यावर आईने कपाट उघडलं आणि पाटल्या माझ्यापुढे ठेवल्या. ‘‘मोड ह्या. त्याने ह्यांना किती वेळा घरी आणलंय. पैशाचा विचार करू नकोस.’’

मी म्हटलं, ‘‘आई, अडचण पैशाची नाही गं.’’

ती बराच वेळ बंड्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. मग विचारलं, ‘‘तिथे रात्री त्याच्याजवळ कोण असेल?’’

ऑपरेशननंतर दोन-तीन रात्री ठेवून घ्यावं लागेल, तिथे माणूस असेल, पण घरचं कोणी नाही, हे मी सांगितलं. आम्ही दोघी गप्प झालो. बाबांचे शेवटचे अकरा दिवस आम्हा दोघींना एकदमच आठवले असणार. घरीच राहायचं, असं ते कळत होतं तेव्हा सांगून गेले होते. तरी आम्ही त्यांना दवाखान्यात नेलं. नळ्या उपसू नयेत म्हणून त्यांची मनगटं बँडेजने पलंगाच्या दांडीला बांधली होती. काचेतून दिसायचं, ते हात सोडवायचा प्रयत्न करायचे. मी सही केली होती. तेवढ्या वेळेलाच बंड्याला त्यांना घरी आणता आलं नाही. तो दाराशी बसून राहायचा.

आईने पाटल्या उचलल्या. ‘‘त्याला नको पाठवू कुठे.’’

निर्णय आम्ही मिळून घेतला, आणि तो चुकलेला असू शकतो हे मला माहीत आहे. गाठ साधी असेल, तर आम्ही त्याची वर्षं घालवली. हे ओझं मी कबूल केलंय. तो पुन्हा कोसळला आणि सावरला नाही, तर गावातले डॉक्टर घरी येऊन त्याला शांतपणे झोपवतील, असं ठरलंय. त्यांचा नंबर आईने देवघराच्या भिंतीवर मोठ्या आकड्यांत लिहून लावलाय.

बंड्या संध्याकाळी अजून मेणवलीच्या रस्त्याने निघतो. फार लांब जात नाही. थांबतो, घराकडे चार पावलं टाकतो आणि माझ्याकडे वळून बघतो. मी त्याच्यामागे येते.

आज सकाळी हिरडी दाबली, सोडली. एक म्हणायच्या आत गुलाबी रंग आला.