निवाड्याचे शुद्धिपत्र

पुस्तकाच्या शेवटी जोडलेले शुद्धिपत्र आम्ही विद्यार्थ्यांना आवर्जून वाचायला लावतो. छापून गेलेल्या मजकुराला पुन्हा हात लावण्याची लेखकाला मिळालेली ती सवलत असते. पण तीत एखादी ओळ दुरुस्त होते, कादंबरीचा शेवट बदलत नाही. हा भेद आम्हांला खऱ्या अर्थाने उमगला तो अचलपुरातल्या एका माजी विद्यार्थ्याच्या वडिलांमुळे.

राष्ट्रीय महामार्गाच्या रुंदीकरणात त्यांच्या संत्राबागेचा तुकडा गेला. मोबदला अपुरा वाटला म्हणून ते लवादाकडे गेले. निवाडा आला, त्यात विवेचनात ८४ झाडे मान्य केलेली. पण ज्यावरून रक्कम काढली त्या तक्त्यात ४८. बापलेक आमच्याकडे आले तेव्हा निवाडा हाती पडून सव्वीस दिवस झाले होते. “सर, झाडं मोजाले कागद कायले पायजे? मले पाठ हायेत,” वडील म्हणाले.

१९९६ च्या लवाद कायद्याचे कलम ३३ आम्ही त्या दिवशी प्रथम वाचले. आकडेमोडीची, लेखनिकाची वा टंकलेखनाची चूक ३० दिवसांच्या आत लवादाकडूनच दुरुस्त करून घेता येते. निवाड्यातील एखाद्या मुद्द्याचा अर्थ विचारायचा तर मात्र उभय पक्षांची तशी सहमती लागते. मांडलेली मागणी निर्णयातून सुटली असेल तर अतिरिक्त निवाडा मागता येतो. एवढे वगळता लवाद आपल्याच निवाड्याला परका होतो.

अर्जाचा मसुदा आम्ही मोठ्या उमाळ्याने केला. दर, विहीर, झाडांचे वय, तीन पिढ्यांचे कष्ट असे सारे त्यात आले. वकिलांनी तीन पानांच्या अकरा ओळी केल्या. “सर, हा गुणपडताळणीचा अर्ज आहे, पुनर्मूल्यांकनाचा नाही.” वीस वर्षे उत्तरपत्रिका तपासणाऱ्यांना याहून सोप्या भाषेत कोण समजावणार?

मोठ्या तंट्यांतही निर्णयानंतर खुलाशाची वाट असते. कृष्णा पाणीतंटा लवादाने २४ डिसेंबर १९७३ रोजी निर्णय दिला. १९५६ च्या आंतरराज्य नदी पाणीतंटा कायद्यानुसार राज्यांनी स्पष्टीकरणे मागितली आणि पुढील अहवाल यायला २७ मे १९७६ उजाडले. तिथे राज्ये होती, अडीच वर्षे थांबू शकत होती. आमच्यासमोर चार दिवस होते.

न्यायालयाने निवाड्यात कितपत हात घालावा, हा प्रश्नही सोपा नाही. महामार्गाच्या भूसंपादनातल्याच एका प्रकरणात २०२१ साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, की निवाडा रद्द करता येईल, बदलता येणार नाही. ३० एप्रिल २०२५ रोजी घटनापीठाने चार विरुद्ध एक अशा बहुमताने मर्यादित बदलाला वाट दिली. उघड दिसणाऱ्या लेखनचुका तीत येतात. गुणदोषांची फेरतपासणी तीत नाही.

लवादाने चूक दुरुस्त केली. ४८ चे ८४ झाले. वडिलांनी तो कागद दोनदा वाचला.

“कागदावर त झाडं पुरे झाले. अन् दराचं?”

दराचे उत्तर त्या शुद्धिपत्रात नव्हते. निवाड्याला न्यायालयात आव्हान देण्याची तीन महिन्यांची मुदत त्या दुरुस्तीच्या दिवसापासून सुरू झाली होती, एवढेच आम्ही त्यांना सांगू शकलो.